धरलेली जागा

व्हर्लीनबाईंनी हॅटच्या दोन्ही पिना काढल्या, दोन्ही हातांनी ती डोक्यावरून उतरवली आणि आपल्या खुर्चीच्या मधोमध ठेवली. काठ मुडपू नये म्हणून जराशी तिरकी केली आणि पर्स सावरून त्या उभ्या राहिल्या. न्यूअर्कच्या त्यांच्या चर्चमध्ये बाकावर कुणाची हॅट, बायबल किंवा हातपंखा ठेवलेला असला, की गव्हर्नरसाहेब आले तरी त्या जागी बसत नाहीत. जागा धरलेली आहे एवढं सांगायला तेवढं पुरतं.

पुरस्कार सोहळ्याच्या रंगमंचावर काळ्या कपड्यांतली माणसं मघाच्या गाण्याचा पसारा ओढून नेत होती. घरोघरी टीव्हीवर या क्षणी जाहिराती चालू असणार. कानाला यंत्र लावलेली केंड्रा नावाची मुलगी दोन रांगांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोहोचली. नट-गायकांना जागेवर बसवणं आणि जागेवर ठेवणं, हे तिचं काम.

“आजी, उठलात का? काही हवंय?”

“मिसेस टिसडेल,” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “मी तुझी आजी नाही.”

“सॉरी, मिसेस टिसडेल. बाथरूम ना? या बाजूनं. पण लवकर या हं, ब्रेकनंतर लगेच तुमचाच पुरस्कार आहे. तुमचा नातू टिझ कपडे बदलून येतोच आहे. आणि ही हॅट काढलीत ती?”

“ती तिथेच राहील.”

“अहो, पण कॅमेऱ्याला हॅट हवीय. फोनवर मुद्दाम सांगितलं होतं ना तुम्हाला, तीच हॅट घालून या म्हणून? लोक तुम्हाला हॅटवरूनच ओळखतात.”

“म्हणूनच ठेवली. जागा कुणाची ते कळेल.”

केंड्रानं मान डोलावली. पण ती मान बाईंसाठी नव्हती, कानातल्या आवाजासाठी होती. हल्लीच्या मुली एका कानानं माणसाचं ऐकतात आणि दुसऱ्यानं भलत्याचंच. व्हर्लीनबाईंनी तिच्याकडे पाठ केली आणि ताठ मानेनं, कुणाच्या गुडघ्याला धक्का न लागू देता, त्या रांगेतून बाहेर पडल्या.

ती हॅट अँब्रोजनं घेतली होती. अँब्रोज टिसडेल, त्यांचे यजमान, चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. गेल्या वर्षी वसंतात तो गेला आणि निरोपाच्या प्रार्थनेला व्हर्लीनबाईंनी ती घातली. उभा जन्म त्यांनी चर्चच्या दाराची सेवा केली होती. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. शोकानं कोसळणाऱ्या बायकांना सावरायचं, त्यांच्या हातात टिशू द्यायचा, त्यांची हॅट सरळ करायची, हे सगळं त्यांनी केलं होतं. त्यांचं स्वतःचं असं काही कुणाला करावं लागलं नव्हतं. त्या दिवशी शवपेटीचं झाकण लावायला घेतलं आणि त्यांचे गुडघे गेले. तोंडातून असा आवाज निघाला, की तो आपला आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. हॅट कानावर आली. दोघीतिघींनी धरून त्यांना बसवलं. पहिल्या बाकावर त्यांचा नातू लेम्युएल चेहऱ्यासमोर हात धरून बसला होता. बिचारा डोळे झाकतोय, असं त्यांना वाटलं.

हातात फोन होता, हे काही महिन्यांनी कळलं. बाहेरच्या जगात लेम्युएल टिसडेलला टिझ म्हणत. टिझच्या नव्या गाण्याच्या व्हिडिओत व्हर्लीनबाई कोसळत होत्या. सावकाश, काळ्यापांढऱ्या रंगांत, पुन्हा पुन्हा. वर गाणं होतं, आणि गाण्याची चाल अँब्रोजची. रोज सकाळी दाढी करताना तो ती गुणगुणायचा. रस्त्यानं जाताना अनोळखी पोरी बाईंना थांबवून विचारू लागल्या, “हॅटवाल्या आजी त्या तुम्हीच ना?”

त्यांनी नातवाला घराचं दार बंद केलं. तो दोनदा येऊन पायरीवर बसून गेला. तिसऱ्यांदा त्या जाळीच्या दारापर्यंत आल्या, पण कडी त्यांनी काढली नाही.

“आजी, अगं जग रडलं तो व्हिडिओ बघून.”

“जगाला रडायला स्वतःची माणसं नाहीत का?”

“मी प्रेमानं केलं गं ते.”

“प्रेमानं केलं असतंस तर आधी हात देऊन उठवलं असतंस.”

सहा फुटांचा लेम्युएल पायरीवर पोरासारखा गुडघे जवळ घेऊन बसला. लहानपणी आई गेल्यावर तो याच पायरीवर तसा बसायचा, आणि अँब्रोज त्याच्या शेजारी बसून तीच चाल गुणगुणायचा. व्हर्लीनबाईंनी जाळीतून बराच वेळ त्याच्या मानेकडे पाहिलं. मग अट घातली.

“त्या मोठ्या सोहळ्याला तुझं नाव आहे म्हणे. ज्या लोकांपुढे मला पाडलंस, त्यांच्याचपुढे माफी माग. आजोबांचं नाव घे, पूर्ण नाव. चाल त्यांची आहे म्हणून सांग. मी समोर बसून ऐकेन. मग रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बस आणि घरी जेवायला ये.”

“आणि बक्षीस नाही मिळालं तर?”

“तर मग रस्त्यात उभा राहून म्हण. तोंड तुझं आहे.”

तो हसला, आणि मग रडला. बाईंना ते खरं वाटलं.

“पण तिथे दाखवतील ते चित्र मी पाहणार नाही,” त्या म्हणाल्या.

“तेवढ्यापुरते डोळे मिट.”

“मी डोळे मिटून कुठे बसत नाही.”

म्हणून त्या आता उठल्या होत्या. त्यांचा हिशेब साधा होता. प्रार्थना चालू असताना चर्चचं दार बंद असतं. पण प्रार्थना संपते आणि वाचन सुरू होतं, त्या मधल्या जागेत दार उघडतं आणि खोळंबलेली माणसं आत घेतात. कुठल्याही शिस्तीच्या जागी अशी एक फट असतेच. बक्षिसासाठी निवडलेल्या पाचही गाण्यांची चित्रं दाखवून होतील, मग लिफाफा उघडण्याआधी दार उघडेल, आणि नाव पुकारलं जाईल तेव्हा आपण हॅट घालून आपल्या जागेवर असू.

हात धुऊन त्या परत आल्या तेव्हा दार बंद होतं. काळ्या सुटातला एक आडदांड माणूस तिथे उभा होता. त्यानं तळहात वर केला.

“आता नाही, मॅडम. थेट प्रक्षेपण सुरू झालंय.”

“आत माझी जागा आहे.”

“असेल ना. ब्रेक झाला की सोडतो.”

“चित्रं संपल्यावर, नाव पुकारायच्या आधी, उघडत असाल ना?”

“छे. ब्रेकलाच. मधे साक्षात देव आला तरी नाही.”

व्हर्लीनबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. कोपर ढिलं होतं, बोटं फाकलेली होती. त्यांच्या हाताखाली शिकला असता तर महिन्याभरात सुधारला असता. पण तळहात तो तळहातच. खुद्द त्यांनी एकदा शहराच्या महापौरांना अख्खी प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर उभं ठेवलं होतं, आणि हुज्जत घालणाऱ्या त्यांच्या चिटणिसाला नजरेनं गप्प केलं होतं. दारावरच्या माणसाशी वाद घालणाऱ्यांची त्यांना मनापासून शिसारी होती. ‘मी कोण आहे ठाऊक आहे का’ म्हणणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. आज त्यांतलं एक होणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

त्या भिंतीशी सरकून उभ्या राहिल्या. डावा हात आपसूक पाठीशी गेला.

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. आत जे चाललं होतं ते त्यात दिसत होतं. एकामागून एक चित्रं येऊ लागली. कुणी जळत्या गाडीवर नाचत होतं, कुणी पाण्याखाली गात होतं. मग अँब्रोजची चाल सुरू झाली. बाईंनी टीव्हीकडे पाठ केली आणि आग विझवण्याच्या लाल नळकांड्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या. पहिली सूचना संपायच्या आत मागून तो आवाज आला. त्यांचाच.

“हे दर वेळी अंगावर येतं बघा,” दारावरचा माणूस म्हणाला. “माझी आई गेली तेव्हा मीसुद्धा एवढा रडलो नव्हतो.”

“रडायला हवं होतं,” व्हर्लीनबाई न वळता म्हणाल्या.

मग टीव्हीतून टिझचं नाव ऐकू आलं, आणि बंद दारातून टाळ्यांचा गडगडाट. त्या वळल्या.

पडद्यावर त्यांची हॅट होती.

कुठलं तरी जुनं चित्र दाखवताहेत असं त्यांना आधी वाटलं. मग हॅट हलली. कॅमेरा मागून होता. राखाडी काठाखाली करड्या केसांची एक मान दिसत होती, आणि गळपट्टी असलेला राखाडी झगा. शेजारच्या खुर्चीतून लेम्युएल उठला. तो हॅटकडे वळला, काठाखाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यानं त्या बाईला दोन्ही हातांनी कवटाळलं, कानाशी तोंड नेलं आणि रंगमंचाकडे धावला.

“म्हातारीचं नशीब बघा,” दारावरचा माणूस म्हणाला. “असा नातू हवा.”

“हो,” व्हर्लीनबाई म्हणाल्या.

दोन पावलांवर दार होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांच्या जिभेवरही आलं होतं. पण ते वाक्य खरं ठरवायला हॅट लागली असती, आणि हॅट आत होती.

लेम्युएल उत्तम बोलला. त्याला बोलता येतं, अँब्रोजनंच शिकवलं होतं.

“हे गाणं माझं नाही,” तो म्हणाला. “या गाण्याची चाल न्यूअर्कच्या अँब्रोज टिसडेल यांची आहे. माझे आजोबा. आणि या व्हिडिओत जे दुःख तुम्ही पाहिलंत, ते मी माझ्या आजीला न विचारता घेतलं. आजी, चुकलो. सगळ्यांपुढे सांगतो, मला माफ कर. ऊठ ना, आजी. जरा उभी राहा. लोकांना पाहू दे तुला.”

हॅट इकडे तिकडे वळली, घुटमळली आणि उभी राहिली. सगळं सभागृह तिच्यासाठी उठलं. कॅमेरा आता समोरून होता, पण बाईनं चेहऱ्यावर हात घेतला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. खाली अक्षरांत लिहून आलं: टिझची आजी.

ठरल्यातला एक शब्दही त्यानं गाळला नव्हता.

ब्रेक झाला. दारावरच्या माणसानं दोन्ही कवाडं उघडली आणि हसून हात केला. “जा आता, मॅडम.” व्हर्लीनबाई हलल्या नाहीत. गर्दीबरोबर केंड्रा बाहेर आली, त्यांना पाहून थबकली.

“अहो, कुठे होतात? जागा रिकामी केलीय, या पटकन. टिझ आता मागे फोटोंना गेलाय, तो परत येईपर्यंत—”

“माझ्या जागेवर कोण होतं?”

“जागा भरणारी बाई. कुणी उठलं की आम्ही तिथे कुणाला तरी बसवतो. रिकामी खुर्ची टीव्हीवर वाईट दिसते. तुमच्या वयाची एकच होती आमच्याकडे, देवासारखी सापडली.”

“तिथे हॅट होती.”

“हो ना. मीच म्हटलं घाला. चित्र जुळायला नको?” केंड्राचा हात कानाकडे गेला. “येताय ना?”

“नको,” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “भरलेली बरी दिसत होती.”

रिकाम्या जागेचं त्यांना कळत होतं. पुढचे बाक ओस दिसू नयेत म्हणून मागच्या माणसांना त्यांनीही कितीदा पुढे आणून बसवलं होतं. फक्त कुणाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली नव्हती.

गर्दी ओसरता ओसरता एक बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, डोळे सुजलेल्या. हॅट त्यांनी दोन्ही हातांवर, पाटावर देव धरावा तशी धरली होती. कॉरिडॉरमधल्या माणसांवरून नजर फिरवत त्या थेट व्हर्लीनबाईंपाशी येऊन थांबल्या.

“तुम्हीच ना त्या?”

“कशावरून?”

“उभं राहण्यावरून. मी ओपल गॅस्किन्स. क्वीन्सची. आयुष्यभर बस चालवली, आता हे असले कार्यक्रम फुकटात बघायला मिळतात म्हणून येते. आमचा नियम आहे बाई, बसायचं, हसायचं, ताऱ्यांशी बोलायचं नाही. मी एक अक्षर बोलले नाही हो. तो म्हणाला ऊठ. मी त्या पोरीकडे बघितलं, तर तीही खूण करतेय ऊठ म्हणून. उठले. काय करणार?”

“तुम्ही बसायला आलात, बसलात. तुमच्याकडे काही दोष नाही.” व्हर्लीनबाईंनी पर्सची कडी एकदा उघडून बंद केली. “एक विचारते. तो वाकला तेव्हा त्यानं तुमचं तोंड पाहिलं?”

ओपलबाईंनी हॅटच्या काठावरचा न दिसणारा धुरळा झटकला.

“अंधार होता तसा.”

“मिसेस गॅस्किन्स, तुम्ही बस चालवायचात. चढणारा माणूस तुमच्याकडे बघून चढला की न बघता, हे तुम्हाला कळायचं.”

“बघितलं,” ओपलबाई म्हणाल्या. “चांगलं बघितलं. डोळ्यांत डोळे घालून.”

“मग?”

“मग मिठी मारली.”

“आणि कानात काहीतरी बोलला.”

“बोलला.” ओपलबाईंनी मान खाली घातली. “म्हणाला, थोडं रडा, बाई. कॅमेरा आपल्यावर आहे.”

कॉरिडॉरमधले दिवे दोनदा लुकलुकले. लोक आपापल्या जागांकडे परतू लागले. दारावरच्या माणसानं दाराला हात घातला.

“रडलात?” व्हर्लीनबाईंनी विचारलं.

“पोटभर. खोटं नाही हो. तो वर जाऊन तुमच्या यजमानांबद्दल बोलला ना, तेव्हा खरंच आलं मला. माझे यजमानही गाणारे होते. चांगलं नव्हते गात, पण गाणारे होते.”

व्हर्लीनबाईंच्या तोंडावरची एक रेघ सैल झाली. ओपलबाईंनी हॅट पुढे केली. बाईंनी हात पुढे केला नाही.

“आज ती माझ्या डोक्यावर बसायची नाही. तुम्ही घेऊन जा आणि रविवारी न्यूअर्कला आणून द्या. प्रार्थना झाल्यावर माझ्याकडे जेवायचं. कोंबडी आणि पालेभाजी असते. आणि तुमचा फोन सांगून ठेवा.”

“अहो, एवढं कशाला?”

“दोन जागांपुरतं रांधायचं ठरलं होतं. ते तसंच राहील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लेम्युएलचा फोन आला. व्हर्लीनबाई पांढऱ्या हातमोज्यांना इस्त्री करत होत्या. इस्त्री उभी करून ठेवली आणि मगच त्यांनी फोन घेतला.

“आजी, अगं कुठे गायब झालीस काल? गाडी थांबवून ठेवली होती तुझ्यासाठी.”

“आगगाडी होती.”

“बरं, ऐक. तू नव्हतीस हे बघून आधी घाबरलोच मी. पण सावरलं मी. कुणाला कळलंसुद्धा नाही. सगळे म्हणतायत, आजी किती गोड दिसल्या. तू टीव्हीवर बघितलंस ना? बोललो ना मी सगळं? आजोबांचं नाव, चाल, माफी?”

“बोललास. शब्दाला शब्द.”

“मग? आता तरी राग गेला?”

व्हर्लीनबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. समोर तीच पायरी होती. आता हा म्हणेल, असं त्यांना वाटलं. म्हणेल, आजी, ती तू नव्हतीस तेव्हा मी थांबायला हवं होतं. शेजारची खुर्ची रिकामी आहे, माझी आजी बाहेर आहे, असं म्हणायला हवं होतं. त्यांनी त्याला वेळ दिला. पलीकडे कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं आणि तो हात फोनवर न ठेवताच उत्तर देत होता.

“आजी? आहेस ना? मग रविवारी येऊ ना?”

“दार देवाचं आहे. मी कोण अडवणार? ये.”

“आणि दोघंजण बरोबर असतील, जरा छोटंसं चित्रण करायला. फार नाही. आजी आणि नातू बाकावर शेजारी शेजारी, एवढंच. तू ती हॅट घालशील ना? राखाडी?”

“हॅट असेल,” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “काळजी करू नकोस.”

त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. तो फार वेळ चालला नाही. मग त्यांनी इस्त्रीवर ओल्या बोटाचा थेंब टाकून पाहिला आणि हातमोज्याचं उरलेलं बोट सरळ केलं.

रविवारी चर्चच्या ओसरीवर युनिस, दाराच्या सेवेतली त्यांची जुनी जोडीदारीण, त्यांच्या कॉलरचं बटण लावत होती.

“टीव्हीवर ती कोण होती गं?” तिनं विचारलं.

“का? मी नव्हते?”

“जा गं. तू कधी रडून वाकलीस तर कमरेतून वाकतेस, मानेतून नाही. आम्ही सगळ्यांनी त्याच क्षणी ओळखलं. माझा नातू म्हणाला, हीच हॅटवाली आजी. म्हटलं, गाढवा, हॅट तिची आहे.”

व्हर्लीनबाईंनी तिचा हात बटणावरून बाजूला केला. “झालं. जा तुझ्या दारावर.”

प्रार्थना सुरू झाल्यावर लेम्युएल आला. बरोबर कॅमेरा घेतलेला एक तरुण आणि काठीला लावलेला दिवा घेतलेला दुसरा. मधल्या दारात त्याची आजी पांढऱ्या पोशाखात उभी होती. तिनं तळहात वर केला. कोपर अंगाशी, बोटं जुळलेली. लेम्युएल जागच्या जागी थांबला. हात जोडून मान खाली घालायला त्याला सांगावं लागलं नाही, तेवढं त्याच्या अंगात होतं. दिवेवाला मात्र पुढे सरला, आणि लेम्युएलनंच त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

“हॅट कुठेय, आजी?” तो ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटला.

बाईंनी तळहात तसाच ठेवला. प्रार्थना लांबली. ‘आमेन’ झालं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला, डावा हात पाठीशी नेला आणि त्याच्या पुढे चालू लागल्या. मधल्या वाटेनं, दोन्ही बाजूंच्या वळणाऱ्या मानांमधून, दुसऱ्या बाकापर्यंत. टिसडेलांचा बाक. तिथे भिंतीकडच्या टोकाला राखाडी हॅट होती, थोडीशी तिरकी, आणि तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा.

लेम्युएलच्या चेहऱ्यावर हसू आलं. घाई करत तो बाकात शिरला. मागे कॅमेऱ्याचा दिवा लागला तसा सवयीनं तो हॅटच्या काठाखाली वाकला.

तो वाकलेलाच राहिला. या वेळी एका श्वासाहून जास्त.

ओपल गॅस्किन्स समोर वेदीकडे बघत बसल्या होत्या. ताऱ्यांशी बोलायचं नाही हा नियम त्या पाळत होत्या.

दाराच्या सेवेतल्या बायका बाकांपाशी उभ्या राहून बोलत नाहीत. व्हर्लीनबाईंनी कमरेच्या खिशातून एक टिशू काढला, घडी मोडू न देता नातवाच्या गुडघ्यावर ठेवला आणि वळल्या. तो “आजी” म्हणाला असावा. गायकवृंद उभा राहत होता, बाकांचा आवाज झाला.

त्या आपल्या दाराशी परतल्या आणि पांढऱ्या पोशाखातल्या बाकीच्या बायकांसारख्याच भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कॅमेरावाला तरुण वाटेवरून मागे मागे येत त्यांच्यापाशी थांबला. दुरून बाक नीट दिसत नव्हता बहुधा.

“बाई,” त्यानं दबक्या आवाजात विचारलं, “टिझची आजी कोणती?”

व्हर्लीनबाईंनी हातमोजा घातलेला हात उचलला, बोटं जुळवली आणि दुसऱ्या बाकाकडे दाखवलं.

“ती,” त्या म्हणाल्या. “हॅटवाली.”